मदत हवी आहे: शनिवारपर्यंत फी भरायची आहे, शाळा ठरत नाही

मुलीचा_बाबा:
लवकर सांगा. प्रायव्हेट इंग्लिश मीडियमची फी 38,000. पहिला हप्ता 15,000 शनिवारपर्यंत भरला नाही तर जागा जाईल म्हणतात. पगार हातात 24,000. बायको म्हणते कर्ज काढू, पण इंग्लिशच. आई म्हणते सरकारी शाळेत घाल. काय करू?

निसर्गवेडा:
गाव कुठलं? मुलगी कितवीत? हे न सांगता कोण काय सांगणार?

मुलीचा_बाबा:
नाशिक, सातपूर. पहिलीत जाणार.

आरटीई_पालक:
आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांमधून अर्ज करा की! माझा मुलगा तसाच शिकतोय, फी शून्य.

कोकणकन्या:
दादा, पगार वाचलात का? 24 हजार म्हणजे वर्षाला 2 लाख 88 हजार. आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा 1 लाखाची आहे. वंचित गटात बसत असतील तर उत्पन्नाची अट नाही, पण अर्जाची मुदतही असते. उगाच आशा लावू नका.

खान्देशी_भाऊ:
जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी रांग लागायची. सरकारी म्हणून नाकं मुरडणं बंद करा.

कोकणकन्या:
भाऊ, सातपूर नाशिक शहरात आहे. तिथं मनपाची शाळा असते. आणि एका वाबळेवाडीवरून सगळ्या शाळा चांगल्या ठरत नाहीत.

खान्देशी_भाऊ:
मग एका वाईट शाळेवरून सगळ्या वाईट कशा ठरतात? माझी दोन्ही मुलं मराठी माध्यमातली, दोघंही इंजिनिअर.

नाना_जळगाव:
पाचवीत नवोदयची परीक्षा द्या. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत.

निसर्गवेडा:
नाना, पोरगी पहिलीत जातेय.

शिक्षिका_निवृत्त:
बाळा, 38,000 मध्ये काय काय येतं ते आधी सांग. बस, पुस्तकं, गणवेश धरलास का? आणि धाकटं मूल आहे का?

मुलीचा_बाबा:
बस वेगळी, महिना 1,200. पुस्तकं-गणवेश 7,000 च्या आसपास. मुलगा आहे, तीन वर्षांचा. घरभाडं 6,500.

शिक्षिका_निवृत्त:
मग दहा महिन्यांची बस धरून वर्षाला 57,000 झाले. महिन्याला 4,750. भाडं जाऊन उरलेल्या साडेसतरा हजारांतून. तीन वर्षांनी धाकटा येईल, तेव्हा हे दुप्पट. मोठीला इंग्रजीत आणि धाकट्याला मनपात घातलंस तर घरात काय होतं ते मी पालकसभांत पाहिलंय. मोठ्या बहिणीची पुस्तकं धाकट्याला वाचता येत नाहीत आणि आईबाप दोघांना वेगवेगळं तोलतात, नकळत.

माझं ऐकशील तर तिसरा रस्ता बघ. जवळपास अनुदानित शाळा आहे का? शिक्षकांचा पगार शासन देतं, म्हणून फी फार कमी असते. बऱ्याच ठिकाणी सेमी असतं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. उद्या सकाळी जाऊन शाळा बघ. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसून परत येऊ नकोस, दुसरीच्या वर्गात उभा राहायची परवानगी माग. पाच मुलांना पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांग. वाचता आला तर शाळा चांगली. मग ती मनपाची असो, अनुदानित असो की प्रायव्हेट.

विदर्भाचा_वाघ:
आणि 15,000 भरायच्या आधी मंजूर फीचा कागद मागा. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

कोकणकन्या:
बायकोचं म्हणणंही ऐका हो. त्यांना इंग्रजी का हवंय? त्या स्वतः कुठं अडल्या का? घरी इंग्रजी कोण घेणार?

मुलीचा_बाबा:
तिला बँकेत फॉर्म भरता आला नव्हता, सगळ्यांसमोर ओरडला होता तो माणूस. ते ती विसरत नाही. घरी दोघांनाही इंग्रजी येत नाही. ट्यूशन लावू म्हणत होती.

शिक्षिका_निवृत्त:
ट्यूशनचे पैसे वरच्या 57,000 मध्ये धरलेले नाहीत. तिलाही सोबत घेऊन जा उद्या. वाचणारी मुलं तिनं बघायला हवीत.

मुलीचा_बाबा:
अनुदानित एक आहे, दहा मिनिटं चालत. सेमी आहे का माहीत नाही. उद्या पहिली पाळी आहे, अडीचला सुटतो. तोवर वर्ग भरलेला असतो का?