भृगू सरोवर: मनालीतला एक दिवस वाचवू नका

भाऊ, भुसावळहून रेल्वेने दिल्ली, तिथून रातोरात बसने मनाली आणि पोहोचल्याच्या दिवशी मनालीजवळच्या भृगू सरोवराची चढाई, हा तुमचा बेत वाचून काळजी वाटली. आपलं जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर, मनाली 2,000 च्या आसपास आणि सरोवर 4,200 मीटरच्या वर. विरळ हवेची सवय व्हायला मनालीत एक पूर्ण दिवस ठेवाच. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. रोज पळणाऱ्यालाही विरळ हवा बाधते. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं, सरोवर राहिलं तरी चालेल. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सरावाला आपलं तोरणमाळ उत्तम. उंची साधारण 1,150 मीटर, त्यामुळे विरळ हवेची सवय काही होणार नाही. पण पाठीवर ओझं घेऊन चढ-उतार केले की मांड्या-गुडघे तयार होतात. मे महिन्यात तोरणमाळला जाणार असाल तर पहाटे पाचलाच निघा, नऊनंतरचं ऊन सोसत नाही. जूनच्या सुरुवातीला सरोवराकडे बर्फ असू शकतो, म्हणून नवे बूट महिनाभर आधी घेऊन याच सरावात वापरा.