लांबच्या कच्च्या वाटांसाठी कोणती ड्युअल-स्पोर्ट बाईक? मदत हवी आहे

मंडळी, सलग काही आठवडे चालणाऱ्या प्रवासासाठी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारी बाईक निवडायची आहे. निम्मा डांबरी रस्ता, निम्म्या दगडमातीच्या वाटा. सोबत तंबू आणि सामान, आणि बहुतेक वेळा मी एकटाच. म्हणून वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा.

तीन नावांवर येऊन थांबलोय. सुझुकी डीआर६५० मनात जास्त भरली आहे. एअर-ऑइल कूल्ड म्हणजे हवा आणि तेलाने थंड होणारं इंजिन, त्यामुळे दगडावर आपटून फुटायला पाण्याचा रेडिएटरच नाही. कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) वाटेत उघडून साफ करता येतो, व्हॉल्व्हचं अंतर साध्या स्क्रूने जुळवता येतं. पण उंचावर गेल्यावर त्याच कार्ब्युरेटरचा त्रास होतो का? आणि मूळची सुमारे १३ लिटरची टाकी बदलावीच लागते का?

कावासाकी केएलआर६५० ची टाकी जवळपास २३ लिटरची, २०२२ च्या मॉडेलपासून कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनही आलं. पण वजन दोनशे किलोच्या वर! चढावर आडवी झाली तर एकट्याने उचलणं जमतं का, हे ज्यांनी उचललीय त्यांनीच सांगावं.

होंडा सीआरएफ३००एल सर्वांत हलकी, पण टाकी जेमतेम ७.८ लिटरची. तिच्याच रॅली मॉडेलची १२.८ आहे. सामान लादून दिवसभर हायवेवर २८६ सीसीचं इंजिन दमतं का?

सस्पेन्शनचे स्प्रिंग बदलायचे हे ठरलेलंच आहे. यांपैकी कुठलीही बाईक लांब चालवलेल्यांनी नेमकं काय तुटलं, काय झिजलं आणि कोणते सुटे भाग जवळ ठेवले ते कृपया लिहा.