पुनर्लेखनाच्या दरातली मेख

‘एआयला चांगली पटकथा कधी जमणारच नाही, मग भीती कसली?’ हा नेहमीचा मुद्दा मान्य केला तरी धोका टळत नाही. निर्मात्याला एआयचा टुकार खर्डाही पुरतो. तो लेखकाच्या हाती द्यायचा आणि नव्या पटकथेऐवजी पुनर्लेखनाचे, म्हणजे बरेच कमी पैसे द्यायचे. वर श्रेयातही एआय वाटेकरी! हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून नेमकी हीच पळवाट बुजवली. संपानंतर झालेल्या करारानुसार एआयचा मजकूर मूळ कथा किंवा पटकथा म्हणून धरला जात नाही आणि लेखकाला तो दिल्यास कंपनीने तसं सांगावंच लागतं. जुन्या पटकथांवर एआयला प्रशिक्षण देण्याचा प्रश्न मात्र लेखकांच्या संघटनेने आक्षेपाचा हक्क राखून ठेवत लोंबकळत सोडला. माझ्या मते मोठी गळती तिथेच आहे.