‘आरव’ या नावाचा अर्थ

‘आरव’ म्हणजे ‘शांत’ असा या मुलाच्या नावाचा अर्थ अनेकदा सांगितला जातो आणि नावांच्या अनेक याद्यांतही तो आढळतो. परंतु व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो उलटा आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. संस्कृतात ‘रु’ धातूचा अर्थ आवाज करणे असा असून त्यापासून ‘रव’ आणि ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आरव’, म्हणजे ध्वनी, नाद किंवा ओरड, हे शब्द तयार होतात. पक्ष्यांचा कलरव आणि भुंग्यांचा गुंजारव याच कुळातले आहेत. पहाटे कोंबडा ‘आरवतो’ असे आपण म्हणतोच, त्यामुळे मराठी माणसाला तरी हा अर्थ परका वाटू नये. शांततेचा अर्थ हवा असेल, तर ‘निस्’ आणि ‘रव’ यांच्या संधीतून झालेले ‘नीरव’ हे नाव आहे.

गेल्या दोन दशकांत ‘आरव’ फार लोकप्रिय झाले. तीन अक्षरे, एकही जोडाक्षर नाही आणि भारतातील बहुतेक भाषांत सहज उच्चार, ही त्याची कारणे मला पटतात. ‘नाद’ हा अर्थही मुलाला शोभणाराच आहे; तो बदलून सांगण्याची मुळीच गरज नाही.