आराखड्याआधी रेघोट्या हव्यात की नकोत?

रेघोट्या: हल्ली आर्किटेक्चरची मुलं पहिल्या वर्षापासून थेट ऑटोकॅड, म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, उघडतात. माझ्या मते डिझाइनच्या सुरुवातीला संगणक बंदच हवा. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने काढलेली भिंत अजून पक्की नसते. वर दुसरा कागद टाकला की खालची रेघ अंधूक दिसते, हात आपसूक वळतो आणि जिना भलत्याच कोपऱ्यात छान बसतो. सॉफ्टवेअर मात्र लगेच जाडी विचारतं: १५० की २३० मिलीमीटर? अहो, खोली कुठे हेच अजून ठरलेलं नाही! अहमदाबादची गुफा, ते जमिनीखालचं कलादालन बघा. मूळचे पुण्याचे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी आणि चित्रकार हुसेन यांनी ती नव्वदच्या दशकात घडवली. एकमेकांत मिसळलेले घुमट, तिरके खांब, वर फुटक्या टाइल्सचे तुकडे. खेळल्याशिवाय हे सुचतं?

कॉलमबीम: गुफा तुमच्याच विरोधात जाते. ते फेरोसिमेंटचं (तारांच्या जाळीवर सिमेंटचा थर) कवच जेमतेम इंचभर जाडीचं आहे आणि त्याच्या आखणीत संगणकाची मदत घेतली होती. सिडनी ऑपेरा हाउसचं काय? डॅनिश आर्किटेक्ट उटझनच्या चित्रांनी १९५७ साली स्पर्धा जिंकली, पण छताची ती कवचं उभी कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, १९६३ला संपायचं काम १९७३ला संपलं. भुर्दंड लोकांनीच भरला ना?

रेघोट्या: दोष चित्राचा नाही, घाईचा. आकार सुटायच्या आधीच, १९५९ला, सरकारने काम सुरू करायला लावलं. चौथऱ्याचे खांब नंतर कवचांचं वजन पेलेनात, ते पाडून पुन्हा बांधावे लागले. सगळी कवचं एकाच गोलातून कापता येतील हे १९६१मध्ये उमगलं. आकारांशी इतकी वर्षं झटापट केल्यानेच ना?

साइटवरची: दोघांचं ऐकलं. माझ्याकडे गुंठाभर प्लॉटवाले येतात. साइड मार्जिन (बाजूला सोडायची जागा), एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल याची मर्यादा), पार्किंग यात जागा गेल्यावर खेळायला उरतं काय? तरी रेघोट्या मारतेच. परवा क्लायंटच्या आईंनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन देवघर ओट्याशेजारी सरकवलं. प्रिंटआउटला त्यांनी हात लावला नसता.

कॉलमबीम: हा मुद्दा मान्य. पण मग त्या कागदाभोवती पहिल्याच दिवशी आम्हा स्ट्रक्चरलवाल्यांनाही, म्हणजे इमारतीचा भार सांभाळणाऱ्या इंजिनिअरांनाही, बसवा. आम्हाला बोलावतात तेव्हा प्लॅन मंजुरीला गेलेला असतो, आणि बीम नेमका खिडकीच्या डोक्यावर येतो.