महिला मेंटॉर नेमली की प्रश्न सुटला?

गंजलेला_नट

परवापासून एक पोस्ट फिरतेय. इंजिनिअरिंग संशोधनात मुली टिकत नाहीत, कारण त्यांना महिला मेंटॉर नसतात. तेव्हा पीएचडी करणाऱ्या प्रत्येक मुलीला विभागातली एक महिला प्राध्यापक नेमून द्या, महिन्याला एक चहा, आठ मार्चला सत्कार. खाली बदामांचा सडा. तिथे लिहिलं असतं तर त्यातच वाहून गेलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

हिशेब करून बघा. समजा मेकॅनिकलचा विभाग आहे, ४० प्राध्यापक, त्यात चार बायका, आणि रिसर्च स्कॉलर मुली २८. म्हणजे एकीच्या वाट्याला सात. प्रत्येकीला महिन्याला पाऊण तास धरला तरी सव्वापाच तास नुसत्या भेटींत गेले. हे सगळं स्वतःच्या विद्यार्थ्यांवर वाढीव. यूजीसीच्या मर्यादेनुसार प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ पीएचडीवाले असू शकतात. शिवाय लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीची अध्यक्ष महिला हवी आणि निम्म्या सदस्य महिला हव्यात. त्यासाठीही याच चौघी. लेडीज हॉस्टेलची वॉर्डन? यांच्यातलीच एक. जिची बढती पेपरांवर अडलीय तिचेच तास आपण वाटून टाकतोय, आणि उरलेले ३६ पुरुष प्राध्यापक मोकळे.

दुसरं म्हणजे मेंटॉर वेगळा आणि गाईड, म्हणजे पीएचडीचा मार्गदर्शक, वेगळा. मेंटॉर दुसऱ्या विभागातला असावा, आरएसीवर, म्हणजे पीएचडीची प्रगती तपासणाऱ्या समितीवर, नसावा, आणि मुलीच्या कुठल्याही कागदावर त्याची सही लागू नये. भेटीत तीन गोष्टी विचारायच्या आणि लिहून ठेवायच्या: पुढची आरएसी कधी, यंत्राचे किती स्लॉट मागितले आणि किती मिळाले, पेपरवरचा नावांचा क्रम ठरला का आणि कुणासमोर. यासाठी बाईच लागते असं कुठे आहे?

माटुंगा_लोकल

हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धवट.

काही गोष्टी मुली पुरुष मेंटॉरला सांगत नाहीत, हे तुमच्या कोष्टकात बसत नाही म्हणून नाहीसं होत नाही. छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. ‘जाऊ दे गं, डिग्री महत्त्वाची, सर तापट आहेत पण मनाने चांगले’ हे ऐकण्यात पहिले तीन महिने कसे उडतात ते विभागात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. दुसऱ्या विभागातला निरुपद्रवी काका नेमला की हेच वाक्य फक्त दुसऱ्या मजल्यावरून ऐकू येईल.

चौघींवर ओझं पडतं ना? मग मेंटॉरिंगचे तास वर्कलोडमध्ये धरा, तेवढी लेक्चर्स कमी करा. ते कुणीच सुचवत नाही. फुकटची सेवा म्हटली की बायका आठवतात.

थर्मोकपल

सगळं ठीक, पण मेरिटचं काय? २०१८मध्ये आयआयटीत मुलींसाठी १४ टक्के केले, २०१९ला १७, २०२०ला २०. राज्यात इंजिनिअरिंग प्रवेशाला ३० टक्के आधीपासून आहेत. आता संशोधनातही मेंटॉर, फेलोशिप, सगळं वेगळं. केंद्राची सर्ब-पॉवर फेलोशिप होती, नोकरीतल्या संशोधकांसाठी: महिन्याला १५,००० जादा आणि वर्षाला १० लाख संशोधन निधी, तोही फक्त महिलांना. मुलांनी काय घोडं मारलंय?

आणि मुळात प्रयोग रात्री चालतात. फटीग टेस्ट, म्हणजे नमुन्याला पुन्हा पुन्हा ताण द्यायची चाचणी, लावली की मशीनजवळ बसायला कोण थांबतं? मुलगाच. त्यावर कुणी पोस्ट टाकत नाही.

क्यूब_मोल्ड

आयआयटीतल्या त्या जागा अधिसंख्य होत्या हो. म्हणजे वाढवलेल्या. मुलांची एकही जागा कमी करायची नाही ही त्यातली अटच होती. निदान एवढं तरी वाचून भांडा.

‘जड कामं मुलांना’ हेही आता येईलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चाचणीचा १५० मिमीचा काँक्रीट क्यूब साधारण ८ किलो भरतो. खडी २० मिमीपेक्षा मोठी नसेल तर आयएस ५१६ या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिमीचा क्यूब चालतो, तो अडीच किलोच्या आतच. सिमेंटची गोण ५० किलोची, ती कुणीच एकट्याने उचलू नये, ट्रॉली घ्यावी. ज्या लॅबमध्ये ट्रॉली नाही तिथे मुलीही टिकत नाहीत आणि मुलांच्या कमराही.

माटुंगा_लोकल

@थर्मोकपल, फटीगचा विषय काढलात ते बरं केलंत. १० हर्ट्झवर, सेकंदाला दहा वेळा ताण देत, एक कोटी सायकल म्हणजे दहा लाख सेकंद, साडेअकरा दिवस. साडेअकरा दिवस कोणता मुलगा मशीनजवळ बसतो ते दाखवाच.

बसावं लागत नाही. लिमिट लावायच्या असतात, म्हणजे मर्यादा ओलांडली की मशीन आपोआप थांबतं. डिस्प्लेसमेंटची मर्यादा नेहमीच्या स्ट्रोकच्या थोडी वर, लोडची खालची मर्यादा, हायड्रॉलिक पंपाच्या तेलाच्या तापमानाची मर्यादा, आणि लिमिट लागली की पंप बंद. डेटा पूर्ण वेव्हफॉर्मचा न घेता पीक-व्हॅलीचा, म्हणजे फक्त कमाल आणि किमान आकड्यांचा. आणि कंट्रोलर यूपीएसवर.

थर्मोकपल

पुस्तकातलं ज्ञान. सुरुवातीला अँप्लिट्यूड वर चढत असतानाच कडक लावलेली लिमिट लागते आणि टेस्ट पहिल्या शंभर सायकलींत थांबते. व्होल्टेज डिप झाला, पंप ट्रिप झाला आणि कुणी घरूनच रिमोटवर पुन्हा सुरू केला, की अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे नमुना ओढणारा दांडा, झटका देतो, नमुन्यावर ओव्हरलोड येतो आणि तो डेटा कचऱ्यात. मे महिन्यात मुंबईच्या दमटपणात कूलिंग टॉवर पाणी पुरेसं थंड करत नाही, तेल तापतं, ट्रिप रात्री दोनला होतो. तिथे जाऊन बघावंच लागतं.

गंजलेला_नट

रिमोटवर सुरू करू नये, शंभर टक्के मान्य. पण रात्री दोनला तरी का जायचं? साध्या तापमानाला, हवेत चाललेल्या टेस्टमध्ये थांबलेल्या नमुन्याचं काही बिघडत नाही. सकाळी सातला जा, लॉग बघा, ग्रिप आणि अलाइनमेंट तपासा, मग सुरू करा. ६०० अंशांवरची टेस्ट किंवा खाऱ्या पाण्यातली असेल तर गोष्ट वेगळी. लोड नसला तरी ऑक्सिडेशन आणि गंज चालूच राहतात. तेवढ्यांसाठी रात्री माणूस लागतो.

माटुंगा_लोकल

माणूस. म्हणजे बाईसुद्धा.

बऱ्याच ठिकाणी रात्री आठनंतर मुलींना लॅबमध्ये थांबायचं तर गाईडची सही, वॉर्डनची सही आणि पालकांचं पत्र. सत्तावीस वर्षांच्या, नेट पास, एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिपचे) महिन्याला ४२,००० घेणाऱ्या बाईच्या वडिलांचं पत्र! दिवसाचे सेमचे, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे, स्लॉट एम.टेक.च्या प्रॅक्टिकलांनी भरलेले, रात्रीचे उरतात ते मुलांकडे जातात. मग आरएसीत विचारायचं, ‘डेटा कमी का?’

कमला सोहोनी आठवतात. मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या, १९३३ला बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नाकारलं, मग घेतलं ते अटींवर. त्यातली एक अट अशी सांगतात, की गाईड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं. तेव्हा बाईला रात्री थांबायची सक्ती, आता बंदी. ठरवणारे मात्र दोन्ही वेळी दुसरेच.

थर्मोकपल

बायोकेमिस्ट्री होती ती. तिथे हायड्रॉलिक पंप नव्हता.

क्यूब_मोल्ड

अहो, आवरा! पंपाचं इथे काय आहे?

रात्रीचा नियम माणसावर न लावता कामावर लावा. हायड्रोफ्लोरिक आम्ल, हायड्रोजन, हाय व्होल्टेज, चालू फर्नेस: या ठिकाणी एकट्याने काम नाही, मुलगा असो वा मुलगी. दोघांची नावं फळ्यावर, सिक्युरिटीकडे नंबर, तासाभराने फोन. कॉम्प्युटरवर डेटा बघायला थांबलेल्याला कसलंच पत्र नको. आणि रात्री गेटपर्यंत गाडी सगळ्यांनाच द्या, शेवटची लोकल मुलांचीही चुकते.

गंजलेला_नट

धागा पंपावरून परत आणतो. मेंटॉरची खरी कसोटी बाळंतपणाच्या वेळी लागते, आणि मूळ पोस्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत २४० दिवसांची रजा आहे, कमाल मुदतीतही महिलांना दोन वर्षं जास्त, सगळं धरून दहापर्यंत. कागदावर झकास. पण रजेचा अर्ज जातो अकॅडेमिक सेक्शनला, आणि बऱ्याचजणींचे पैसे येतात प्रोजेक्टमधून. प्रोजेक्टची तारीख रजेसाठी थांबत नाही. पीआयने, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुखाने, मुदत संपायच्या आधी विनाखर्च मुदतवाढ मागितली नाही, तर बाई परत येते तेव्हा नोंदणी शाबूत आणि फेलोशिप बंद.

म्हणून रजेच्या दोन-तीन महिने आधी बसून करायची कामं: मुदतवाढीचं पत्र पीआयकडून लिहून घेणं, नमुने लेबल लावून डेसिकेटरमध्ये (हवाबंद, कोरड्या भांड्यात) ठेवणं, कच्च्या डेटाची एक प्रत स्वतःकडे आणि एक गाईडकडे, आणि उरलेल्या टेस्ट कोण करणार व त्याचं नाव पेपरवर कितवं, हे ईमेलवर. हे शेवटचं राहिलं की परत येईपर्यंत पहिलं नाव बदललेलं असतं. यात चहा कुठे आला?

माटुंगा_लोकल

हे मात्र पटलं. पुरुषानेही करता येईल असं काम आहे, मान्य. करतात किती, ते बघू.

शिफारसपत्रंही त्यात घाला. मुलीच्या पत्रात ‘मेहनती, नम्र, सगळ्यांना मदत करते’ आणि मुलाच्या पत्रात ‘स्वतंत्रपणे रिग डिझाइन केली’. रिग, म्हणजे प्रयोगाची मांडणी, दोघांनी मिळून बांधलेली असते.

थर्मोकपल

बरं, रात्रीचा नियम सगळ्यांना सारखा, एवढं मान्य. तुमच्या समाधानासाठी. वेगळ्या फेलोशिपला माझा विरोध कायम.

गंजलेला_नट

चालेल, त्यावर वेगळं भांडू. स्लॉटचं रजिस्टर दर महिन्याला नोटीस बोर्डवर लावा: नाव, मागितलेले तास, मिळालेले तास, दिवस की रात्र. सहा महिन्यांत चित्र दिसेल.

थर्मोकपल

‘रद्द कुणी केला’ हाही रकाना घाला. निम्मे स्लॉट गाईडच ऐन वेळी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी उचलतात. आणि असे रद्द झालेले स्लॉट मुलींचे जास्त निघाले, तर मी इथे येऊन लिहीन.