बेसमेंटमधल्या गॅस हीटरचा पायलट विझलाय, स्वतः पेटवू का?

चिंचगूळ, एडिसन (प्रश्न)

आम्ही न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहतो. काल रात्रभर वाऱ्याने खिडक्या थडथडत होत्या आणि आज सकाळी नळाला नुसतं बर्फाचं पाणी. नवरा कामासाठी डॅलसला, परवा येईल. घरात मी, चार महिन्यांचं बाळ आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. घरमालक फोनवर म्हणाला, "पायलट गेला असेल, पेटवा, सोपं आहे," आणि सोमवारी माणूस पाठवतो म्हणून ठेवून दिला. आज शुक्रवार.

बेसमेंटमध्ये जाऊन पाहिलं. पाणी तापवायची ४० गॅलनची उभी टाकी आहे. खाली एक डबी, तिच्यावर गोल नॉब: ऑफ, पायलट, ऑन. शेजारी काळं बटण. त्याखाली रुपयाएवढी काच, तिच्यातून आत सगळा अंधार. स्वयंपाकाची शेगडी मात्र नीट पेटते.

सासरे म्हणतात, "त्यात काय, काडी ओढून लावू." त्यांनी आयुष्यभर स्टोव्ह आणि बंब पेटवलेत, त्यामुळे त्यांना भीती नाही. मला आहे. मला सर्दीही झाली आहे, डोकं चालत नाहीये. कुणी हे स्वतः केलंय का? सविस्तर सांगाल का, प्लीज.

जुना पार्सिपनीकर

चिंचगूळ, आधी सासऱ्यांना हात जोडून सांगा: काडी नको. २००३ नंतर इथे आलेल्या बहुतेक घरगुती टाक्यांचं बर्नरचं दार बंदिस्त असतं, काडी घालायला जागाच नसते. तुम्ही सांगताय ती काच म्हणजे तशीच टाकी. ठिणगी त्या काळ्या बटणातून पडते.

शेगडी पेटते म्हणालात हे फार चांगलं. म्हणजे घरात गॅस येतोय, फक्त पायलट, म्हणजे मोठा बर्नर पेटवणारी आतली कायम जळती छोटी ज्योत, तेवढी गेलीय. वारा चिमणीतून उलटा खाली आला की असं होतं. माझ्याकडे २६ वर्षांत सहा-सात वेळा झालंय.

आता खरं काम ऐका. पेटवणं अर्ध्या मिनिटाचं आहे, त्याच्या आधीची दहा मिनिटं महत्त्वाची. बेसमेंटमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या वास घ्या. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर काहीही करू नका. दिवा लावू नका, लागलेला असेल तर बंद करू नका, फोनही आत नको. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, शेजारच्या घरातून गॅस कंपनीच्या बिलावरच्या तातडीच्या नंबरला किंवा ९११ला फोन करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तुम्हाला सर्दी आहे ना? मग तुमच्या नाकावर विसंबू नका. सासूबाईंना बरोबर न्या, वास त्या घेतील. हीटरभोवती आणि खाली अगदी जमिनीलगतसुद्धा. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका असतो, वर जातो; पण काही घरांत प्रोपेन असतो आणि तो जड असल्याने खाली साचतो. म्हणून दोन्हीकडे. बाळाला तेवढा वेळ सासऱ्यांजवळ वरच्या मजल्यावर ठेवा.

वास नसेल तर तापमानाची चकती सगळ्यात कमीवर आणा. मग नॉब ऑफवर. बऱ्याच टाक्यांवर तो किंचित दाबून फिरवावा लागतो. हातानेच फिरवायचा, फिरला नाही तर पक्कड लावायची नाही, तिथेच थांबून प्लंबर बोलवायचा. ऑफवर आल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. आत चुकून साचलेला गॅस निघून जायला हा वेळ लागतो. तेवढ्यात टाकीवर चिकटवलेला कागद वाचून काढा, तुमच्या मॉडेलची पद्धत त्यावर असते. माझं आणि त्याचं जुळलं नाही तर कागदाचं ऐका. आसपास पेंटचे डबे, थिनर, पेट्रोलचा कॅन असेल तर तो आधी बाहेर न्या.

दहा मिनिटांनी परत वास घ्या. मग नॉब पायलटवर, पूर्ण खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने काळं बटण टक्, टक्, टक् दाबत राहा. तोंड काचेला लावायचं नाही, बाजूने पाहायचं. बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत दिसेल. दिसली तरी नॉब सोडू नका! पूर्ण एक मिनिट दाबून धरा. त्या ज्योतीत थर्मोकपल नावाची बारीक सळई असते. ती तापली की २५-३० मिलिव्होल्ट एवढीशीच वीज तयार होते आणि त्या विजेवर आतला व्हॉल्व्ह उघडा राहतो. सळई तापेपर्यंत तो व्हॉल्व्ह तुमच्या बोटाने उघडा धरलेला असतो. ज्योत विझली की सळई थंड होते आणि व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. काल रात्री तेच झालं असणार.

मिनिटाने हळूच सोडा. ज्योत टिकली तर नॉब ऑनवर, मग चकती १२० अंश फॅरनहाइटवर. भप्प असा आवाज होऊन मोठा बर्नर पेटेल, दचकू नका. १४०वर ठेवू नका, त्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी भाजते आणि घरात बाळ आहे.

रॅरिटनकाठ

काकांनी सगळं सांगितलंय, पण एक विचारते. त्या बेसमेंटमध्ये कधी पाणी भरलं होतं का? २०२१च्या सप्टेंबरात आयडा वादळाचं पाणी आमच्या बेसमेंटमध्ये कमरेएवढं होतं. चार दिवसांनी सगळं कोरडं दिसलं म्हणून माझा भाऊ हीटर पेटवायला निघाला होता. शेजारच्या बाईंनी थांबवलं. गॅसची डबी एकदा पाण्याखाली गेली की ती वापरायचीच नाही, आत गंज आणि गाळ बसतो, व्हॉल्व्ह मिटेल याची खात्री उरत नाही. हे टाकीवरही छापलेलं असतं. टाकीच्या पायाशी चिखलाची रेघ दिसते का, एवढं बघा.

सांगलीवाडी

मी सांगलीत गॅस गीझर बसवतो. आमच्याकडच्या गीझरला कायम जळणारा पायलट नसतो; दोन सेल घालायचे, नळ सोडला की पाण्याच्या दाबाने ठिणगी पडते. त्यामुळे पेटवण्याबद्दल बोलत नाही. पण धुराबद्दल बोलतो, कारण त्यातच माणसं जातात. बंद बाथरूममध्ये गीझर लावलेला असतो, खिडकीला थंडीचा पुठ्ठा, आणि आत गेलेलं माणूस बाहेर येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. ताई, तुमच्याकडे वारा उलटा आला म्हणजे धूरही उलटा येऊ शकतो. त्याचा अलार्म घरात असेल तर बटण दाबून आजच तपासा. नसेल तर आजच आणा.

चिंचगूळ, एडिसन

चिखलाची रेघ नाही, अलार्म दोन आहेत आणि बटण दाबल्यावर दोन्ही वाजले. सासूबाईंनी गुडघ्यावर बसून वास घेतला, काही नाही म्हणाल्या. दहा मिनिटं थांबलो. चौथ्या टक्‌ला ज्योत लागली. पण नॉब सोडला की विझते. दोनदा झालं. आता ऑफ करून वर आलेय. काका, आहात का?

जुना पार्सिपनीकर

आहे. ऑफ केलंत ते बरोबर. आधी सांगा, किती वेळ धरलं होतं? थंडीत मिनिट पुरत नाही कधी कधी, आणि घाबरलेल्या माणसाचं मिनिट वीस सेकंदांचं असतं. परत दहा मिनिटं थांबा, परत वास, आणि यावेळी सासूबाईंना मोबाइलवर ९० सेकंद मोजायला सांगा. त्यानंतरही विझली तर थर्मोकपल गेलंय किंवा काजळलंय. मग पुन्हा झटू नका, घरमालकाला आजच प्लंबर पाठवायला लावा. सुटा भाग स्वस्त असतो, पण तो बदलताना गॅसचा जोड सोडवावा लागतो, ते तुमचं काम नाही.

टिकली तर दोन गोष्टी. टाकी गार पडली असेल तर सुरुवातीला बर्नरवर थेंब पडून चर्रर्र आवाज येईल. ते बाहेरून धरलेलं दव असतं, टाकी फुटली असं वाटून घेऊ नका. तासाभराने पाणी तापल्यावरही गळत असेल तर मात्र टाकी बघून घ्यायला लागेल. दुसरं, बर्नर पाच-दहा मिनिटं चालला की एक उदबत्ती पेटवून टाकीच्या डोक्यावर, जिथे धुराडं थोडं अंतर ठेवून बसवलेलं असतं, त्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तुमच्याकडे परत येत असेल तर लगेच नॉब ऑफ, खिडकी उघडा, वर या. आणि ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवणारी असेल तरीही बंद.

चिंचगूळ, एडिसन

टिकली! सासूबाई मोठ्याने मोजत होत्या, नव्वदला सोडलं आणि ज्योत तशीच राहिली. ऑनवर नेल्यावर भप्प झालं, तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून हात सुटला नाही. चर्रर्रही झालं, पंधरा-वीस मिनिटांत थांबलं. देवघरातली उदबत्ती धरली, धूर सरळ फटीत ओढला जातोय. चकती १२०वर आहे.

घरमालकाला लिहून पाठवलंय की दोनदा विझला, सोमवारी थर्मोकपल बदलूनच द्या. सासरे अजून खाली स्टूल टाकून त्या काचेसमोर बसलेत, ज्योत हलली की वर हाक मारून सांगतात. पावणेपाचला बाळाची आंघोळ झाली.